माझ्या समक्ष

ताई घरात शिरली आणि चप्पल काढायच्या आधी तिने खिडकी उघडली. एकतीस वर्षं ती लोकांच्या घरोघरी जात होती आणि तिचा क्रम ठरलेला होता: आधी खिडकी, मग माणसं, मग कागद. तिचा धाकटा भाऊ बस चालवायचा म्हणून त्याला घरात सगळे ड्रायव्हरच म्हणत. तो तिची हुबेहूब नक्कल करायचा. ताई वर गेली तरी आधी खिडकी कुठेय ते विचारेल, असं म्हणायचा. आज नक्कल करायला तो घरी नव्हता. नऊ दिवस तो हॉस्पिटलच्या बाकावर बसून होता.

"लाव ती," तिचे वडील, आप्पा, म्हणाले. "रस्त्याचा आवाज येतो. मुलांना आकडे ऐकू येत नाहीत."

"मुलं कुठायत आज, आप्पा?"

आप्पांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं. तीन बाकं, एक फळा आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढ्यावर त्यांची शिकवणी पंधरा वर्षं चालली होती. नऊ दिवसांपूर्वी ती बंद पडली, तेव्हाची वजाबाकी अजून फळ्यावर होती. खाली, चार वर्षांच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर, खडूची वेडीवाकडी वर्तुळं होती. ड्रायव्हरच्या मुलीला, बटणला, एकच आकडा काढता यायचा, आणि तो ती मन लावून काढायची.

आत्या खुर्चीत बसली होती. आप्पांची ही बहीण संकट आलं की सगळ्यांच्या आधी पोचायची आणि सगळ्यांच्या नंतर निघायची. तिने पदराने डोळे पुसले आणि कामाचं विचारलं.

"ती चार वाजता येणारी तुझ्याच हाताखालची ना गं?"

"मीच शिकवलंय तिला. नवीन आहे, पण चोख आहे."

"मग तिला सांग की घरचं मी बघते. कशाला यायला हवं?"

"आत्या, काल संध्याकाळी डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहून दिलंय. मेंदूचा टीबी. चार वर्षांच्या मुलीला तो आपोआप होत नाही. कुणातरी मोठ्या माणसाकडून येतो, रोज जवळ बसणाऱ्या. तो माणूस शोधावाच लागतो, नाहीतर दुसरं मूल पडतं."

टीबी हा शब्द या खोलीत मोठ्याने उच्चारल्याला बहात्तर वर्षं झाली होती. आप्पांच्या आईला याच दारातून गाडीत घालून नेलं होतं, आणि ती परत आलीच नाही. त्यानंतर घरात कुणी त्या आजाराचं नाव घेतलं नाही. फार वेळ आली तर 'आईचं' म्हणत. ताई नर्स झाली ती त्या न पाहिलेल्या आजीसाठी, असं सगळ्यांना वाटायचं. ताईलाही वाटायचं.

"आपल्याकडचं नाही ते," ताई म्हणाली. हे वाक्य तिने रात्रभर तोंडात धरून ठेवलं होतं. "आप्पांचा खोकला मी अंगावर काढू दिला नाही. तीन महिन्यांपूर्वीच थुंकीचा नमुना नेला, स्वच्छ आला. म्हणजे बाहेरून आलंय. शिकवणीच्या अकरा मुलांची घरं आधी बघायची."

"मी म्हणतच होते," आत्याला जोर चढला. "तो बेकरीवाल्याचा म्हातारा. दिवसभर खोकतो आणि त्याची दोन्ही नातवंडं इथे येऊन बटणच्या पाटीला हात लावतात."

"पाटीने नाही होत."

"तुमचं पुस्तक राहू दे. मला माणसं कळतात."

आप्पांना खोकला आला तेव्हा त्यांनी तो रुमालात दाबला आणि रुमाल लगेच मुठीत घेतला. ताईने पाहिलं. दुसऱ्या कुठल्याही घरात तिने तो रुमाल मागून घेतला असता.

*

सून, बटणची आई, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात बटणचा धुतलेला फ्रॉक होता. ती दुपारी बारापासून घरी होती, आंघोळ करून दोन तास डोळा लागला तर बघ, म्हणून ड्रायव्हरनेच तिला पिटाळलं होतं. पाचला तिने जायचं आणि त्याने यायचं, असं नऊ दिवस चाललं होतं. डोळा लागला नव्हता. ती फ्रॉकची घडी घालत होती आणि मोडत होती.

बेकरीवाल्याचं नाव निघालं आणि तिने घडी अर्धवट सोडली. त्या घरात उद्या कुणीतरी फाइल घेऊन जाईल. म्हातारा गयावया करील. गल्लीत बोभाटा होईल, त्यांची सून माहेरी जाईल, आणि सगळं खोट्यावर.

तीन महिन्यांपूर्वीची ती सकाळ तिला स्वच्छ आठवत होती. खिडकीत ताईने ठेवलेली प्लास्टिकची डबी. चहा गाळत असताना आप्पा डबी घेऊन आत आले होते, गृहपाठ न केलेल्या मुलासारखे.

"अगं, मला काही पडतच नाहीये. घसा कोरडा ठाक आहे," ते म्हणाले होते. "तुला सर्दी झालीये ना? तू दे. ताईचं मन राहील."

तिला हसू आलं होतं. तिने तोंड फिरवून डबीत खाकरून थुंकी टाकली, झाकण लावलं आणि हात धुतले. एवढंच. या माणसाने तिच्यासाठी काय केलं नव्हतं? लग्नाच्या वेळी सगळे विरोधात असताना हे एकटे उभे राहिले. पोटुशी असताना तिला परीक्षेला बसवलं, पेपर संपेपर्यंत बाहेर झाडाखाली थांबले. ते मागतात काय, तर एक चमचाभर थुंकी. आणि बटण रोज दुपारी त्यांच्याच कुशीत झोपायची, खिडकी लावून, पाढे ऐकत.

"ताई," ती म्हणाली, "बेकरीवाल्यांकडे नका पाठवू कुणाला."

"का?"

"तो नमुना माझा होता."

ताईला कळलं नाही. सुनेने पुन्हा सांगितलं, शब्द थोडे बदलून. डबी, चहा, सर्दी. सांगताना तिने आप्पांकडे पाहिलं नाही.

मग आत्या उठली.

"पोटच्या पोरीच्या जिवावर उठलीस?"

"आत्या, मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं? शिकलेली आहेस ना? मिरवतेस ना?"

"तिला बोलू नकोस," आप्पा म्हणाले.

"दादा, तू मध्ये पडू नकोस. हिनेच..."

"मी मागितलं म्हणून दिलं तिने. तिला वाटलं म्हाताऱ्याचा घसा कोरडा आहे. माझा घसा कोरडा नव्हता. आदल्या रात्री रक्त पडलं होतं."

*

आप्पांना वाटलं होतं, हे वाक्य बोललो की आपण मरू. तसं काही झालं नाही. आत्या खाली बसली, सून भिंतीला टेकली, ते तसेच खुर्चीत होते आणि खिडकीतून रिक्षाचा आवाज येत होता.

आठ वर्षांचे असताना ते याच खिडकीत उभे होते. पांढऱ्या कपड्यांतली एक बाई आली होती, गोड बोलणारी. तिने वहीत आईचं नाव लिहिलं, आईला दोन प्रश्न विचारले, आणि चार दिवसांनी गाडी आली. आई म्हणाली होती, महिन्याभरात येते, तोवर पाढे पाठ कर. त्यांनी तीसपर्यंत केले. पुढे तेच पाढे त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या गळी उतरवले. आपली मुलगी तीच वही काखोटीला मारून फिरते, याचा त्यांना अभिमान होता. पण वहीत नाव दुसऱ्याचं असेल तोवरच.

"तुम्हाला माहीत होतं," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "आप्पा, आता गाडी येत नाही कुणाची. सहा महिने गोळ्या असतात. घरी बसून. मी तुम्हाला किती वेळा सांगितलं?"

"सांगितलंस."

"बटणलाही तेव्हाच गोळी सुरू झाली असती. तिला काही व्हायच्या आधीच. रोज एक गोळी, आप्पा. पाण्यात विरघळते. चव लागत नाही."

आप्पांनी मान डोलावली. वर्गात समजलं का विचारल्यावर मुलं डोलावतात तशी.

"तू का नाही उभी राहिलीस?" त्यांनी हळूच विचारलं. "सगळ्यांना तू समोर उभी राहून द्यायला लावतेस. तूच सांगायचीस जेवताना. मोठा सावकार असो की कोण असो, अंगणात नेते, म्हणायचीस, आणि बघत राहते."

ताईकडे उत्तर होतं. आपल्या माणसांचं काम आपण करायचं नसतं, दुसऱ्या सिस्टरला सांगायचं असतं. त्या आठवड्यात दुसरी कुणी मोकळी नव्हती. आणि आप्पांनी तिच्यासमोर कधी चूळसुद्धा भरली नव्हती. इस्त्रीचा सदरा घालून दात घासणारा माणूस. त्यांना वाकून, घसा खरवडून, लाळ गाळताना बघायचं तिच्या जिवावर आलं. तिने डबी खिडकीत ठेवली, सकाळी उठल्याउठल्या खोल खोकून द्या म्हणाली, आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी येताजाता डबी उचलली. पत्रकावर एक ओळ छापलेली असते: नमुना माझ्या समक्ष घेतला. त्याखाली तिने सही केली. एकतीस वर्षांत ती सही तिने हजारो वेळा केली असेल. खोटी एकदाच केली, तीही बापासाठी.

आत्याने तेवढ्यात डोळे कोरडे केले होते. आता ती ताईच्या बाजूला सरकली.

"हे बघ. झालं ते झालं. आता ती मुलगी येईल, तर दादाचा आज नवा नमुना द्यायचा. काय निघेल ते निघेल. आत्ताच झालं म्हणायचं. मागचं कुणी विचारत नाही. पाच महिन्यांवर तुझी रिटायरमेंट आली. हार घालून घ्यायचाय की चौकशी लावून घ्यायचीय?"

वाईट म्हणजे, ताईने हे आधीच मनात करून पाहिलं होतं. आत्याला बोलायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात.

"दोन मुलं गेल्या महिन्यात शिकवणी सोडून गेली," सून म्हणाली. "दोन्ही बटणच्याच वयाची. आत्ताच झालं म्हटलं तर त्यांच्या घरी कुणी जाणारच नाही."

"तू गप्प बस," आत्या म्हणाली.

"मी गप्प बसले होते, आत्या. तीन महिने."

*

नवीन सिस्टर चार वाजता आली. सायकल लावली, चप्पल काढली, आणि खिडकी उघडी बघून ताईकडे पाहून किंचित हसली. मग चेहरे बघून हसू आवरलं.

"मॅडम, मला फार वाईट वाटतंय. आपण उद्या करू या का?"

"आज. बस."

ताईने तिला सगळं सांगितलं, तारखांसकट. रक्त कधी पडलं, डबी कुठे ठेवली, कुणी भरली. "आणि माझी सही खोटी आहे," ती म्हणाली. "हे शेऱ्यात लिही. माझ्या हुद्द्यासकट लिही."

नवीन सिस्टरचं पेन थांबलं. "मॅडम, मी हे कसं लिहू?"

"मी सांगते तसं."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. ड्रायव्हरचं नाव बघून ती मागच्या अंगणात गेली. दोरीवर बटणच्या चड्ड्या वाळत होत्या.

"ताई," ड्रायव्हर म्हणाला. "गेली गं."

ताईने एकदम घड्याळ पाहिलं. हाताला सवय होती. चार वाजून वीस.

"तिला नको सांगूस फोनवर," तो म्हणाला. "मी येतो. कागद करायचेत, तासभर लागेल. तू आहेस ना तिथे?"

"आहे."

"ताई, तिचं बोट धरलं होतं मी. तिने आधीच सोडलं होतं वाटतं. मला कळलंच नाही."

फोन बंद झाल्यावर ताई दोरीला धरून उभी राहिली. आत जाऊन सांगायला दहा पावलं होती. सांगितलं की सून कोसळेल, आत्या गळा काढेल, गल्ली गोळा होईल. तेरा दिवस, महिना, कुणी या घरात पत्रक उघडणार नाही. आणि आप्पा, आप्पा त्यानंतर एक अक्षर बोलणार नाहीत. मुलांची नावं, घरं, कोण कुठल्या बाकावर बसायचं, हे जगात फक्त त्यांना माहीत होतं.

तिने नळाखाली तोंड धुतलं आणि आत गेली.

"काय म्हणाला?" सुनेने विचारलं.

"तासाभरात येतोय." हे खरं होतं. "आप्पा, मुलं सांगा. पहिल्या बाकापासून."

आप्पांनी मुलांना नावं ठेवली होती ती त्यांच्या चुकांवरून. हातचा विसरणारा तो हातच्या. सात उलटा काढणारी ती उलटी सात. बेरीज बोटांवर करताना बूट काढणारा तो वीसबोट्या. नवीन सिस्टर खरी नावं विचारत होती आणि सून ती सांगत होती, पत्त्यासकट, आईच्या फोनसकट. कोण रोज येतं, कोण आठवड्यातून तीनदा. कुणाच्या घरी तान्हं मूल आहे.

"हातच्याच्या बहिणीला बाळ झालंय ना?" आप्पा म्हणाले.

"हो. सव्वा महिन्याचं."

"ते लिही," ताई म्हणाली. "त्या घरी आज जा. इथून सरळ."

आत्यासुद्धा एकदा म्हणाली, ती चष्मेवाली मुलगी राहिली. अकरा झाली. मग सोडून गेलेली दोन. तेरा. मधेच आप्पा थांबले आणि त्यांनी रिकाम्या बाकाकडे बघितलं.

"या सगळ्यांच्या आया मला बाहेर भेटल्या की वाकून बोलतात," ते म्हणाले. "आता बघ."

नवीन सिस्टरने पान उलटलं.

"आता डबी," ताई म्हणाली.

नवीन सिस्टरने पिशवीतून डबी काढली, बाहेरच्या बाजूला नाव लिहिलं आणि आप्पांना अंगणात नेलं. ताई मागोमाग गेली. ती दोरीजवळ उभी राहिली, चार हातांवर, वाऱ्याची दिशा बघून.

"तू आत जा," आप्पा म्हणाले.

"नाही."

"पोरी, जा गं."

"खोल श्वास घ्या, आप्पा. दोनदा. तिसऱ्याला खोका."

ते वाकले. सदरा पाठीवर ताणला गेला आणि मणके दिसले. घसा खरवडताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, हनुवटीवर लाळेची तार लोंबली, ती पुसायला त्यांनी हात उचलला आणि डबी आहे म्हणून तसाच ठेवला. ताई बघत राहिली. डबीत पिवळट आणि त्यात लाल धागा होता. नवीन सिस्टरने झाकण लावलं. ताईने बापाचं तोंड रुमालाने पुसलं. हे करायला दोन मिनिटंही लागली नव्हती.

*

सून बाकावर बसून होती. तिने फ्रॉक पिशवीत घातला होता, बटणचा कंगवा, पाण्याची बाटली. पाचला दहा कमी होते. एवढं सगळं सांगून टाकल्यावर तिला विचित्र हलकं वाटत होतं आणि त्या हलकेपणाची लाजही वाटत होती. आता बटण डोळे उघडेल, असं काहीतरी तिच्या मनात येत होतं. आपण खरं बोललो, आता काहीतरी सुटावं.

नवीन सिस्टर परत आत आली आणि तिने पत्रकाचं शेवटचं पान काढलं. घरच्या माणसांचे प्रश्न ती शेवटी विचारत होती. अवघड घरात घरचं शेवटी घ्यायचं, हे ताईनेच तिला शिकवलं होतं.

"घरात राहणारी माणसं?" तिने विचारलं आणि ताईने सांगितली. साखर आहे का कुणाला? नाही. कुणी गरोदर? सुनेने मान हलवली.

"पाच वर्षांखालची मुलं," नवीन सिस्टर म्हणाली, आणि विचारायची गरज नाही म्हणून तिने एकचा आकडा काढला. "ही हॉस्पिटलमध्येच आहे, म्हणजे तिच्यापुढे उपचार चालू असं..."

"तो खोड," ताई म्हणाली.

"काय मॅडम?"

"एक खोड. शून्य लिही."

नवीन सिस्टरने वर पाहिलं. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. आप्पा दारात होते, चौकटीला धरून. आत्याने तोंडावर पदर घेतला, पण आवाज काढला नाही.

सुनेने पिशवी मांडीवर नीट ठेवली. ती फळ्याकडे बघत होती, अगदी खालच्या बाजूला.

"मगाशी जो फोन आला," ती म्हणाली, "तो किती वाजता आला होता, ताई?"

"चार वीसला."

सुनेने घड्याळाकडे पाहिलं आणि हिशोब केला. आप्पांनी तिला शिकवला होता तसा, मनातल्या मनात, बोटं न वापरता.

"तेरा मुलं झाली ना लिहून?" तिने विचारलं.

"झाली."

"मग मला आता घेऊन चला."